संशोधनाचा निष्कर्ष लोकांपुढे मांडताना: सामाजिक शास्त्रांच्या प्राध्यापकांसाठी कामाची टिपणं

समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकवणाऱ्याला आपलं संशोधन वर्तमानपत्रात, गावच्या बैठकीत किंवा आकाशवाणीवर मांडायचं असेल, तर आधी शोधनिबंध मिटून ठेवावा लागतो. त्यातलं एकच वाक्य घेऊन बाहेर पडायचं. निबंधात सात निष्कर्ष असतील, सातही महत्त्वाचे असतील, तरी एका लेखात एकच. उरलेल्या सहांचे पुढे सहा लेख होतील, नाही झाले तरी बिघडत नाही.

१९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास मांडला. पद्धतीवर आक्षेप पुष्कळ आले, पण मोजपट्टी एका दमात सांगता येत होती: माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही, तो गरीब. पटो न पटो, ऐकणाऱ्याला ती आपल्या ताटाशी ताडून पाहता येत होती. आपल्या निष्कर्षाला असं ताट शोधणं हे पहिलं काम.

एक वाक्य, पाच प्रश्न

पुढे बहुतेक ठिकाणी एक कल्पित उदाहरण घेतलं आहे. मराठवाड्यातली ३ गावं, त्यांतली २४० ऊसतोड कुटुंबं, आणि विषय मुलांच्या शाळेचा. निबंधाचं शीर्षक असेल ‘हंगामी स्थलांतर व शालेय गळती यांतील आंतरसंबंधांचे संरचनात्मक विश्लेषण’. परीक्षकाला चालेल. पण यात कोण, कुठे, कधी, किती आणि कशाच्या तुलनेत, या पाचांपैकी एकाचंही उत्तर नाही. ही पाच उत्तरं तीसेक शब्दांत बसवा:

‘गेल्या गळीत हंगामात या ३ गावांतल्या ज्या ऊसतोड घरांत आजी किंवा आजोबा मागे राहिले, तिथली १० पैकी ८ मुलं शाळेत टिकली, जिथे मागे कोणीच नव्हतं, तिथली १० पैकी ३.’

हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले तरी लागू द्या. झालं की ते विभागाबाहेरच्या कोणाला तरी, म्हणजे कार्यालयातल्या लिपिकाला किंवा ग्रंथालयातल्या सहायकाला, कागद न दाखवता तोंडी सांगा. दुसऱ्या दिवशी विचारा, काल काय सांगितलं होतं? ‘ऊसतोडीमुळे मुलं शाळा सोडतात असं काहीतरी’ हे उत्तर आलं, तर वाक्य नापास. उत्तरात आजी-आजोबा आले, तर पास.

मग वाक्यातला प्रत्येक ‘मुळे’ लाल शाईनं अधोरेखित करा. मराठीत हा प्रत्यय फार सहज लागतो आणि कारण-परिणामाचा दावा करून मोकळा होतो. आजी मागे राहिली म्हणून मूल शाळेत टिकलं, की ज्या घराकडे थोडी जमीन आहे तिथेच आजीला मागे ठेवणं परवडतं आणि तिथलीच मुलं शिकतात? निव्वळ पाहणीवरून याचा निकाल लागत नाही. म्हणून ‘आजीमुळे टिकली’ न म्हणता ‘आजी होती तिथे टिकली’. ‘च’ तर ‘मुळे’पेक्षा घातक. ‘स्थलांतरामुळेच’ असं लिहिलंत की बाकी सगळी कारणं तुम्ही स्वतःच्या सहीनं बाद केलीत.

‘अनेक’, ‘बहुतांश’, ‘काही’ या शब्दांना आकड्यांत बांधून घ्या. ‘बहुसंख्य’ म्हणजे निम्म्याहून जास्त, ‘बहुतेक सगळे’ म्हणजे दहांत नऊ, असं स्वतःपुरतं ठरवलं की लेखभर एकाच मापानं मोजता येतं. ‘लक्षणीय’ हा शब्द सांख्यिकीत एका अर्थी येतो (हा फरक निव्वळ योगायोगानं आलेला नसावा) आणि वाचक तो ‘मोठा’ म्हणून वाचतो. हजार नमुन्यांत दोन टक्क्यांचा फरकही कधीकधी सांख्यिकीच्या अर्थी लक्षणीय ठरतो. बाहेर लिहिताना हा शब्द टाळाच.

आकडा कशातला, हे आधी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. चूक करणाऱ्यात पत्रकार आणि प्राध्यापक, दोघंही असतात.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. ६ वर्षांवरच्या प्रत्येकाचा दिवस कशात जातो, ते नोंदवलं. तिच्यातला एक निष्कर्ष फार फिरला: घरातल्यांसाठी केलेल्या बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. तिप्पट फरक. लेख, भाषणं, भित्तिपत्रकं, सगळीकडे हेच. आणि ऐकणारा पुरुष मनात म्हणतो, दीड तास? मी कुठे करतो एवढं?

त्याची शंका रास्त आहे. ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. बायकांपैकी ८१.२ टक्क्यांनी काही ना काही घरकाम केलं होतं, पुरुषांपैकी फक्त २६.१ टक्क्यांनी. म्हणजे १०० पुरुषांतले ७४ हिशोबातच नाहीत. सगळ्या पुरुषांवर ती मिनिटं वाटली तर वाट्याला येतात सुमारे २५, बायकांच्या वाट्याला २४३. फरक तिप्पट नव्हे, जवळपास दहापट. पाहणी तीच, तक्ते तेच, भागाकाराचा खालचा आकडा तेवढा बदलला. शिवाय मुलांना सांभाळणं, आजाऱ्याचं करणं हे यात धरलेलंच नाही, ते वेगळ्या शीर्षाखाली मोजलं आहे. हे न सांगता ‘घरकाम’ म्हटलं की वाचक पाळणाही त्यातच धरतो.

म्हणून प्रत्येक आकड्यापुढे ‘…पैकी’ लिहायची सवय लावा. वाक्यात ‘पैकी’ बसवता येत नसेल, तर तो आकडा तुम्हालाच नीट कळलेला नाही.

दुसरा नमुना पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात बालविवाहाचं प्रमाण २१.९ टक्के आलं, चौथ्या फेरीत ते २६.३ होतं. ‘राज्यात दर पाचवं लग्न बालविवाह’ असा मथळा यावरून सहज होतो आणि तो चूक असतो. हे २१.९ टक्के लग्नांतले नाहीत. पाहणीच्या वेळी २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रिया होत्या, त्यांच्यापैकी इतक्या जणींचं लग्न वयाच्या १८ वर्षांआधी झालेलं होतं. ती लग्नं पाहणीच्या वर्षी लागलेली नाहीत, त्याआधीची कित्येक वर्षांतली आहेत. तेव्हा यंदा सुरू झालेल्या योजनेचं यश किंवा अपयश या आकड्यावरून काढता येत नाही.

घट सांगतानाही जपून. २६.३ वरून २१.९ म्हणजे शंभरात ४.४ नं कमी. ‘४.४ टक्क्यांनी घट’ म्हणावं, तर खरी घट मूळ प्रमाणाच्या जवळपास १७ टक्के आहे, आणि ‘१७ टक्क्यांनी घट’ म्हणावं, तर वाचक २६ मधून १७ वजा करतो. दोन्ही टाळा. ‘आधी शंभरात २६, आता २२’ एवढंच लिहा. त्यात गैरसमजाला जागा राहत नाही.

जनगणनेचे आकडे घेताना तात्पुरते आहेत की अंतिम, ते बघा. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली तात्पुरत्या आकड्यांत ८०१ होत्या, अंतिम आकड्यांत ८०७. दोन्ही आजही फिरतात. फरक लहान आहे, पण सभेत कोणी दुसरा आकडा वाचून दाखवला, तर तुमच्या इतर पन्नास आकड्यांवरचा विश्वासही उडतो.

शब्द कोणाचे

पाहण्यांमध्ये कुटुंब म्हणजे नेहमी एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. ही व्याख्या मराठीत इतकी बेतशीर आहे, की ‘कौटुंबिक एकक’ वगैरे लिहायची गरजच नाही. ‘एका चुलीचं घर’ म्हणा. फडावर, म्हणजे ऊस तोडायच्या शेतात, मात्र मोजणी चुलीनं होत नाही. तिथे कोयता चालतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे. एका चुलीच्या घरातून आई-बाप आणि मुलगा-सून निघाले, तर घर एक आणि कोयते दोन. तुमचा आकडा घरांचा आहे की कोयत्यांचा, हे स्पष्ट नसेल तर मुकादम पहिल्याच मिनिटाला तुम्हाला उघडं पाडेल, आणि त्याचं बरोबर असेल.

‘सीमांत’ हा शब्द आणखी फसवा. समाजशास्त्राच्या लेखात सीमांत म्हणजे परिघावर ढकललेले. शेतकऱ्याच्या आणि कृषी खात्याच्या लेखी सीमांत म्हणजे १ हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच एकर जमीन असलेला. ‘सीमांत स्त्रियांचे प्रश्न’ हे शीर्षक वाचून कोणी सातबारा काढून बसलं, तर दोष त्याचा नाही. जमीन सांगताना हेक्टरही सोडा. एकर आणि गुंठे वापरा, ४० गुंठ्यांचा एकर.

परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी असावेत, पण ते अडचणीच्या शब्दापुरते. कोशातला शब्द बरोबर असतो म्हणून तो कळतोच असं नाही. अनुभव असा, की ८०० शब्दांच्या लेखात दोन पारिभाषिक शब्द पेलतात. तिसरा आला की वाचक पान उलटतो. त्या दोनांचा अर्थ पहिल्याच वापरात, त्याच वाक्यात सांगा. ‘उत्तरदाते’ मात्र पूर्णपणे काढून टाका. ‘ज्यांच्याशी बोललो त्या बायका’ असं लिहिलं की त्या बायका वाचकाला दिसतात.

आधी गाव, मग वर्तमानपत्र

क्रम उलटा झाला की पुढच्या वेळी दारं बंद होतात. ज्यांनी माहिती दिली त्यांना ती छापून आल्यावर कळली, तर त्यात ‘आमच्या गावाची बदनामी’ हाच अर्थ निघतो.

ग्रामसभेत मांडू, हा विचार पहिला सुचतो. पण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या दिवशी विषयपत्रिका घरकुलांच्या याद्या, पाणी, रस्ते यांनी भरलेली असते. तुमच्या पाच मिनिटांना कोणी कान देत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (२०२४ पर्यंत या पदाला ग्रामसेवक म्हणत) कळवून वेगळी संध्याकाळ घ्या. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. विषय बायका-मुलांचा असेल तर तिथेच आधी बोला. ऊसतोडीच्या गावात दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या गुढीपाडव्याच्या आसपास किंवा त्यानंतर परततात. मधल्या काळात बैठक लावलीत, तर समोर म्हातारी माणसं आणि दुकानदारच बसलेले असतील.

जागा कोण निवडतो, त्यावर कोण येणार हे ठरतं. देवळाच्या पारावर बैठक ठेवली की बायका लांब उभ्या राहतात आणि वस्तीवरचे लोक येतच नाहीत. एकच बैठक करायची असेल तर शाळा बरी. जमत असेल तर दोन करा, एक गावठाणात आणि एक वस्तीवर. दोन्हीकडे मजकूर तोच, क्रमही तोच ठेवा. नाहीतर ‘त्यांना वेगळं सांगितलं’ ही कुजबुज चोवीस तासांत गावभर होते.

प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका, वीज जाते. चार फूट रुंदीचा एक फ्लेक्स, त्यावर जास्तीत जास्त चार आकडे, अक्षर शेवटच्या रांगेतून वाचता येईल एवढं. तक्ते आणि वर्तुळाकृती आलेख नकोत. १० पैकी ८ दाखवायचे तर १० मुलांची चित्रं काढून ८ रंगवा, किंवा सरळ ताटात १० गोट्या ठेवून २ बाजूला काढा. २० मिनिटं बोला, ४० मिनिटं ऐका. सोबतच्या विद्यार्थ्याला एकच काम द्या: विचारलेला प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत वहीत उतरवणं. ‘मुलं टिकली म्हणता, पण हजेरी तर गुरुजी मांडतात’ असा एखादा प्रश्न येतो आणि तुमची मोजणीची पद्धत हादरते. तो लेख छापून येण्याआधी आलेला बरा.

सरपंचाला किंवा संस्थाचालकाला मसुदा आधी वाचायचा असतो. वाचू द्या. चूक दाखवली तर दुरुस्त करा. ‘हे वाक्य काढा’ म्हणाले, तर काढू नका. त्यांचा आक्षेप काय आहे, ते लेखात नोंदवा.

ओळख लपवण्याचं काम नाव बदलून होत नाही. ‘गोदाकाठचं, कारखान्याला लागून असलेलं, तीन हजार वस्तीचं गाव’ असं लिहिलं की तालुक्याला गाव कळलं. गावात वडारांची दोनच घरं असतील, तर ‘वडार कुटुंबांपैकी निम्म्यांनी कर्ज बुडवलं’ याचा अर्थ एका माणसाचं नाव घेणं. तक्त्याच्या ज्या चौकटीत ५ पेक्षा कमी माणसं असतील, तो आकडा छापू नका. शेजारच्या गटात मिळवा. आणि बेरजेवरून वजाबाकी करून तो परत काढता येत नाही ना, हेही तपासा. ही दुसरी पायरी बहुतेक जण विसरतात.

वर्तमानपत्राचा लेख

संपादकीय पानाच्या लेखाला ८०० ते १,००० शब्द पुरतात, रविवारच्या पुरवणीत थोडे जास्त चालतात. पहिल्या परिच्छेदात तुमचं ते एक वाक्य आलंच पाहिजे. इतिहास, सिद्धान्त, ‘प्राचीन काळापासून’ हे सगळं वगळा. दुसऱ्या परिच्छेदात हे कसं कळलं ते सांगा: किती घरं, कोणती गावं, कोणता काळ, कोणी विचारलं. चार ओळी पुरे, पण त्या हव्यातच. तिसऱ्यापासून एखादं घर जवळून दाखवा: अंगणात बांधलेली शेळी, दप्तर खुंटीला, आजी सकाळी भाकरी टाकून नातवाला शाळेच्या वाटेला लावते. आकडा लक्षात राहतो तो त्या खुंटीवर टांगलेल्या दप्तरासोबत. मात्र जे घर दाखवाल ते नेहमीसारखं असू द्या, सगळ्यात करुण घर निवडू नका. करुण घर वाचून लोक हळहळतात आणि तो अपवाद आहे म्हणून सोडून देतात.

‘या अभ्यासावरून काय सांगता येत नाही’ हा एक छोटा परिच्छेद शेवटाला न ढकलता मध्यावर घ्या. जागा कमी पडली की उपसंपादक शेवटून कापतो, आणि मर्यादा नेमक्या तिथेच ठेवायची प्राध्यापकांची सवय असते.

मथळा तुम्ही देत नाही, उपसंपादक देतो. म्हणून पाच ते सात शब्दांचे तीन मथळे स्वतःच सुचवून पाठवा. घाईत असलेला माणूस त्यातला एक घेण्याची शक्यता बरीच असते. सोबत एक ओळ लिहा: ‘हा अभ्यास तीन गावांपुरता आहे, मथळ्यात “राज्यात” किंवा “मराठवाड्यात” येऊ नये.’

मजकूर युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फॉन्टातून रूपांतर केलं की रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्या’ फुटतो, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो आणि कधी दशांशचिन्ह गळून २१.९ चे २१९ होतात. वर्डच्या फायलीसोबत पीडीएफही जोडा, म्हणजे अक्षर फुटलंच तर मूळ काय होतं ते त्यांना पाहता येईल. ‘ऊसतोड’, ‘वर्षांच्या’, ‘पऱ्हाटी’ असे चार शब्द रूपांतरानंतर डोळ्यांनी तपासा.

लेखाला निमित्त लागतं. आमच्या उदाहरणातला लेख दसऱ्याआधी, टोळ्या निघायच्या बेतात असताना, जायला हवा. बालविवाहाचा अक्षय्य तृतीयेआधी, रोजगाराचा अर्थसंकल्पाआधी. निमित्ताच्या ८ ते १० दिवस आधी संपादकांच्या हाती पडावा. एकाच वेळी दोन वर्तमानपत्रांना पाठवू नका. आठवडाभर थांबा, एकदा विचारा, उत्तर नसेल तर ‘दुसरीकडे देत आहे’ असं कळवून मोकळे व्हा. निबंध अजून परीक्षकांकडे असेल तर तसं लेखात लिहा, आणि नियतकालिकाला आधीची प्रसिद्धी चालते का, तेही बघा. शासकीय महाविद्यालयात असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ एकदा वाचून घ्या. अभ्यासासाठी पैसा कोणी दिला, ते लेखाच्या तळाशी एका ओळीत असावं. माहिती गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावं त्यांना विचारून द्या.

अधिकाऱ्याच्या टेबलावर

अधिकाऱ्यासाठी वेगळं टिपण, दोनच पानी. विषय, तीन निष्कर्ष, ते कुठपर्यंत लागू, दोन शिफारशी, संपर्क. ‘जनजागृती करावी’ ही शिफारस म्हणजे शिफारस नसल्याची कबुली. कोणत्या पदावरच्या माणसानं, कोणत्या महिन्यात, सध्याच्या कोणत्या तरतुदीतून काय करावं, हे सांगा. उदाहरणार्थ, ‘मागे कोणी राहत नाही अशा घरांतल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांनी टोळ्या निघण्याच्या एक महिना आधी करावी आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव त्या यादीवर आधारावा.’ बालविवाहाचं टिपण असेल तर गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) असते, हे धरून लिहा. जे त्याच्या हातातच नाही ते त्याच्याकडे मागू नका. जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडलं जातं. टिपण फेब्रुवारीत पोचवून उपयोग नाही, दिवाळीनंतर लगेच द्या.

आकाशवाणी आणि वाहिन्या

आकाशवाणीच्या १० मिनिटांच्या भाषणाला १,१०० ते १,२०० शब्द लागतात. घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलं तर हमखास दोन मिनिटं चुकतात. बोलताना ‘एकवीस पूर्णांक नऊ’ नको, ‘शंभरात बावीस’.

वाहिनीवर उत्तराला ३० सेकंद मिळतात, म्हणजे ५०-६० शब्द. तीन उत्तरं लिहून पाठ करा: काय दिसलं, कुठपर्यंत लागू, काय करता येईल. अवघड जागी उपयोगी पडणारं वाक्य एकच: ‘आमच्या तीन गावांत असं दिसलं, राज्याबद्दल यावरून बोलता येणार नाही.’ ते तीनदा म्हणावं लागलं तरी म्हणा. खिडक्या-खिडक्यांतून सहा जण एकदम बोलणाऱ्या चर्चेला जाऊ नये, हे आमचं मत. तिथे ‘पैकी’ ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसतो. दुसऱ्याच विषयावर फोन आला, उदाहरणार्थ तुमचा अभ्यास ऊसतोडीचा आणि प्रश्न आरक्षणाचा, तर त्या विषयावर काम केलेल्या सहकाऱ्याला विचारून त्याचा संपर्क द्या.

छापून आल्यावर

त्या दिवशी सकाळी लेख वाचा, मथळ्यापासून. चूक सापडली तर चोवीस तासांच्या आत कळवा. तक्रारीचा सूर नको, संपादकाला उचलून जसंच्या तसं छापता येईल असं तयार वाक्य द्या:

‘आजच्या अंकातील लेखाच्या मथळ्यात “मराठवाड्यातील दहापैकी आठ मुले शाळेत” असे म्हटले आहे. हा आकडा ३ गावांतील, आजी किंवा आजोबा मागे राहिलेल्या ऊसतोड घरांपुरता आहे. मागे कोणी नसलेल्या घरांत हेच प्रमाण दहापैकी तीन आहे. कृपया दुरुस्ती छापावी, तसेच संकेतस्थळावरील मथळा बदलावा.’

संकेतस्थळाचा उल्लेख विसरू नका. कागदावरचा मथळा रद्दीत जातो, संकेतस्थळावरचा व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो. पद्धतीची एक पानी नोंद, म्हणजे प्रश्नावली, तारखा, गावांची निवड कशी केली आणि किती घरांनी बोलायला नकार दिला, हे सगळं आधीच तयार ठेवा आणि मागेल त्याला त्याच दिवशी पाठवा, विरोधकालाही. छापील अंकाच्या प्रती तिन्ही गावांत पोचवा. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, आणि एक वस्तीवर जिच्या ओट्यावर बैठक झाली तिच्याकडे.